रेषेबाहेर उभा शाम

शाम आडे परत आला त्या दिवशी पुसदच्या बसस्टँडवर त्याला घ्यायला एकटी जया आली होती. जया त्याची धाकटी बहीण, पुसदलाच एका खाजगी दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपवून ती तशीच स्कूटी घेऊन आली होती. नागपूरची बस फलाटाला लागली, लोक भराभरा उतरले, आणि बस रिकामी झाल्यावर शाम उतरला. खांद्याला एक लांबडी बॅग, हातात एक सुटकेस. दाढी वाढलेली.

"बाकीचं सामान?" जयानं विचारलं.

"एवढंच हाय."

"बा येनार होते. मंग म्हनले, तूच जाय."

शामनं बॅग खांद्यावर नीट सरकवली. वडील का आले नाहीत हे त्याला न सांगताच कळलं होतं. पूनमसिंग आडे यांची अख्खी नोकरी याच डेपोत एसटी चालवण्यात गेली होती. कँटीनवाल्यापासून कंट्रोलरपर्यंत प्रत्येकाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, पोरगा विदेशात फुटबॉल खेळून राह्यला, मोठ्या टीममध्ये आहे. आता त्याच फलाटावर त्याच लोकांसमोर तो पोरगा असा उतरताना बघायचा, हे त्यांना झेपलं नसतं.

स्कूटीवर मागे बसताना शाम एवढंच म्हणाला, "खड्डे चुकवून चालव. मांडी दुखते."

पुसद-उमरखेड रस्त्यावरून आत वळलं की त्यांचा तांडा. कागदावर त्याचं नाव नायकनगर, बोलताना सगळे तांडाच म्हणतात. शाम मात्र लहानपणी तिथं फार राहिला नाही. वडिलांच्या नोकरीमुळे तो पुसदच्या शाळेत शिकला, आणि शाळेच्या मैदानावर फुटबॉलला चिकटला. पळण्यात तो काही फार चपळ नव्हता, म्हणून त्याला गोलमध्ये उभं केलं. पण गोलकीपर झाल्यावर एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. शामनं आपल्या गोलसमोरून चेंडू मारला की तो मधल्या सगळ्या पोरांच्या डोक्यावरून जायचा आणि समोरच्या गोलकीपरला मागे पळावं लागायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत यवतमाळला त्याची लाथ बघायला दुसऱ्या संघाची पोरं थांबत. त्यापलीकडे त्या लाथेचा कुणाला काही उपयोग नव्हता. शामलाही नव्हता. तो अकोल्याला कृषी महाविद्यालयात गेला, मातीचा विषय घेऊन शिकला, तिथं फुटबॉलचा संघच नव्हता. पुढे सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो अमेरिकेत, मक्याच्या सपाट मुलखातल्या एका लहानशा कॉलेजात एम.एस. करायला गेला. तांड्यातून विमानात बसणारा तो पहिलाच. बसंतीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, त्याच्या याडीनं, तिळाची चटणी आणि ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं. पीठ मुंबईलाच वजनात काढावं लागलं.

पुढं जे घडलं ते मातीमुळेच घडलं. कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर गवत नीट धरत नव्हतं. माती दबून घट्ट झाली का ते बघायचं काम शामच्या प्राध्यापकांनी त्याला दिलं. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू अंड्यासारखा लांबोळका, माणसं हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात आणि बहुतेक सगळा खेळ हातानं चालतो. फक्त मैदानाच्या टोकाला दोन उंच पिवळे खांब असतात; त्यांच्यामधून चेंडू लाथेनं मारला तर तीन गुण मिळतात. त्या एका लाथेसाठी प्रत्येक संघात एक वेगळा माणूस ठेवलेला असतो. तो बाकी काहीच करत नाही. त्याला किकर म्हणतात.

शाम खांबांमागे वाकून मातीचे नमुने काढत होता आणि कॉलेजचा किकर सराव करत होता. चेंडू शामच्या आसपास येऊन पडायचे. काम थांबवून हातानं फेकत बसण्यापेक्षा शाम ते लाथेनं परत पाठवू लागला. पहिले दोन वाकडे गेले. मग त्या लांबोळक्या चेंडूचं पोट कुठं आहे ते त्याच्या पायाला कळलं, आणि पुढचे चेंडू किकरच्या डोक्यावरून पार मागे जाऊन पडायला लागले.

संघाचे प्रशिक्षक केल्सो, साठीला आलेला जाडजूड माणूस, बाकावरून उठून मैदान ओलांडून आले.

"तू कुठला?"

"इंडिया."

"तिकडे हा खेळ खेळतात?"

"नाही."

"मग हे कुठं शिकलास?"

"शिकलो नाही," शाम म्हणाला. "मी माती तपासायला आलोय."

केल्सोंनी त्याच्या हातातली नमुन्याची पिशवी काढून घेतली, स्वतःकडे धरली आणि म्हणाले, "अजून एकदा मार."

त्या हंगामात शाम संघात गेला. आणि इथंच पहिली अडचण निघाली. तिकडे कॉलेजात खेळायची वर्षं ठरलेली असतात आणि माणूस जिथं कुठं शिकला असेल तिथली वर्षं त्यात धरली जातात. अकोल्यात शामनं चेंडूला पायही लावला नव्हता, तरी ती चार वर्षं त्याच्या नावावर खर्च पडली. हाती राहिला तो एकच हंगाम. बाकीची पोरं बारा-तेरा वर्षांची असल्यापासून हा खेळ खेळत आलेली. शामला नियम समजेपर्यंत निम्मा हंगाम संपला.

फोनवर पूनमसिंगांना काही उलगडेना. "हातानं खेळतेत म्हनतं, मंग फुटबॉल कायले म्हनतेत त्याले?"

"मी पायानं खेळतो ना, बा. अख्ख्या टीममधी मीच."

"म्हंजे मेन तूच व्हय."

शामनं ते दुरुस्त केलं नाही. खरं तर किकर हा मैदानावरचा सर्वांत एकटा माणूस. बाकीचे मार खातात, चिखलात लोळतात. किकर रेषेबाहेर उभा राहून जाळीत चेंडू मारत पाय गरम ठेवतो. दोन-दोन तास कुणी त्याच्याशी बोलत नाही. मग एकदम त्याच्या नावानं हाक येते, आणि एका लाथेत तो सगळ्यांचा लाडका तरी होतो नाहीतर शत्रू तरी. शामला ते जमलं. त्याच्या लाथा चुकत नव्हत्या. शेवटच्या सामन्यात बर्फ भुरभुरत असताना मैदानाच्या जवळजवळ मध्यावरून मारलेला चेंडू खांबांमधून गेला तेव्हा केल्सो हातातला कागद खाली टाकून नुसते बघत राहिले. प्रेक्षक म्हणाल तर खेळाडूंचे आईबाप आणि गावातली काही म्हातारी मंडळी. मोठ्या क्लबांची खेळाडू हेरणारी माणसं अशा लहान कॉलेजांकडे फिरकत नसत.

"तू पैसे मिळवून खेळू शकतोस," केल्सो म्हणाले. "पण तुला कुणी पाहिलेलं नाही. आता त्यांनी तुला पाहायला पाहिजे."

त्यानंतर शामचं आयुष्य म्हणजे पाहिलं जाण्याची खटपट, दुसरं काही नाही.

केल्सोंनी ओळख काढून त्याला शेजारच्या मोठ्या विद्यापीठातल्या चाचणीत घुसवलं. तिथं खरोखरच मोठ्या क्लबांची माणसं आली होती, टोप्या घालून, हातात वह्या घेऊन. पण ती आली होती त्या विद्यापीठाच्या एका धिप्पाड खेळाडूसाठी. तो पळाला, त्यानं उड्या मारल्या, त्याचं वजन झालं, आणि माणसं गाड्यांकडे निघाली. किकरांची पाळी शेवटी. शाम चेंडू ठेवेपर्यंत कठड्याला टेकून एकच जण उरला होता. शामनं सगळ्या लाथा सरळ मारल्या. तो माणूस जवळ आला.

"छान पाय आहे. किती हंगाम खेळलास?"

"एक."

"आणि पासपोर्ट कुठला?"

शामनं सांगितलं. त्या माणसानं सहानुभूतीनं मान हलवली. दाराबाहेर पाणी मागणाऱ्याला घरात कुणी नाही असं सांगावं, तसा त्याचा चेहरा झाला होता. पासपोर्टचं शामला पुढं नीट समजलं. शिक्षणानंतर त्याला तिथं काही काळ काम करायची मुभा होती, पण ते काम शिकलेल्या विषयातलंच पाहिजे. म्हणजे माती तपासायची परवानगी होती, चेंडू मारायची नव्हती. बर्फावरच्या हॉकीच्या हॉलमध्ये कृत्रिम गवताची सतरंजी अंथरून खेळणाऱ्या एका लहान व्यावसायिक संघानं त्याला बोलावलं, त्याची लाथ बघून हातही मिळवला, आणि कागदपत्रं बघितल्यावर मॅनेजर म्हणाला, "बाबा रे, किकरसाठी वकील कोण लावणार?"

म्हणून दिवसभर तो एका प्रयोगशाळेत शेतकऱ्यांची माती चाळायचा आणि संध्याकाळी एका शाळेच्या ओस मैदानावर एकटा लाथा मारायचा. चेंडू मारायचे, चालत जाऊन गोळा करायचे, परत मारायचे. सुट्टी मिळाली की रात्रभराची बस धरून कुठंतरी चाचणीला जायचा. सगळीकडे त्याच्यासारखेच पंचवीस-तीस किकर रांगेत असत. काही पोरांचे बाप गाडीत खुर्च्या आणि थंड पाण्याचे डबे घेऊन आलेले असत. शाम बसमध्ये आखडलेली पाठ मोकळी करत उभा राही. 'चांगला आहेस, कळवतो' हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं तो ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता बुटांच्या नाड्या सोडू लागला. तेव्हापासूनच त्याची उजवी मांडी आतून दुखायला लागली होती. दुखणं त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुखऱ्या पायाच्या किकरला कोण घेणार?

आणि मग, आशा सोडून दिल्यावर, एक जागा मिळाली. कॅनडातही असाच फुटबॉल खेळतात, आणि तिथल्या एका संघानं सरावाच्या शिबिरासाठी त्याला करार दिला. खराखुरा व्यावसायिक करार, नाव छापलेली जर्सी, कामाचा परवानाही त्याच करारावर. केल्सो फोनवर नुसतं खाकरले. पूनमसिंग त्या दिवशी रिटायर असूनही डेपोत गेले आणि सगळ्यांना पेढे वाटून आले.

शिबिरात दोनच किकर होते. दुसरा ऑस्ट्रेलियाचा, उमदा माणूस, कायम हसतमुख. शामच्या लाथा त्याच्यापेक्षा सरळ होत्या. हे तो स्वतःच जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाला. पण त्याला हातातून सोडलेला चेंडू उंच मारण्याची दुसरी विद्याही येत होती. संघाला एका माणसात दोन कामं हवी होती.

पहिला सामना सरावाचाच होता, तिथल्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे उजाडताना. तांड्यात नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर जयाचा मोबाईल मोठ्या टीव्हीला जोडला होता. बाया अंघोळी उरकून आल्या, म्हातारे घोंगड्या घेऊन बसले. पूनमसिंगांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. एकदा पडद्यावर रेषेबाहेर उभा असलेला शाम दिसला, हेल्मेट काखेत, आणि बसंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग कॅमेरा दुसरीकडे गेला. लाथेची वेळ आली तेव्हा ऑस्ट्रेलियावाला पुढे आला. पुन्हा वेळ आली, पुन्हा तोच. उन्हं वर आली तशी माणसं एकेक करून शेताकडे, कामाकडे निघाली. जाता जाता कुणी विचारलं, "आडेदादा, तुमचा पोट्टा कवा खेळन?" पूनमसिंग म्हणाले, "खेळन ना. आता दम राखून ठेवला त्यानं." सामना संपला तेव्हा ओट्यावर घरचीच माणसं होती.

हे सगळं शामला जयानं नंतर सांगितलं. त्याला स्वतःला तेव्हा फक्त एवढंच माहीत होतं की समोर कुठंतरी त्याचं घर बघतंय. सबंध वेळ तो जाळीत लाथा मारत पाय गरम ठेवत राहिला. हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ऑफिसात बोलावलं. प्रशिक्षक सभ्य होते. म्हणाले, तुझ्यात काही कमी नाही, आमच्याकडे जागा एकच आहे. करार संपला तसा परवानाही संपला. जर्सी जमा करावी लागली.

तर असा शाम परतला होता. पहिले काही आठवडे तो झोपला. एवढा झोपला की बसंतीबाई मधूनच येऊन त्याच्या कपाळाला हात लावून बघत. तांड्यातले लोक भेटायला येत, आणि वाईट हेतू नसतानाही तेच विचारत.

"काहून वापस आला बे? तिकडं त लोक मरून राह्यले जाले."

"संपलं काम," शाम म्हणायचा.

"खेळला का नाई मंग?"

शाम सांगायला लागे, तेवढ्यात पूनमसिंग मध्ये पडत, "खेळला ना. पायाले लागलं म्हनून आला." वडील आपल्यासाठी खोटं बोलतात का स्वतःसाठी, हे त्याला कळत नव्हतं, आणि शोधून काढण्याइतका जीव त्याच्यात उरला नव्हता.

आश्विनात त्याला उमरखेडकडच्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीत काम मिळालं. गावोगाव फिरून मातीचे नमुने घ्यायचे, तपासायचे आणि कपाशीला, तुरीला काय द्यायचं ते सांगायचं. फिरती लांबची होती. कधी थेट झरी जामणीच्या जंगलातल्या पोडांपर्यंत, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांपर्यंत. तिथं कोलाम बाया त्याला मांडवाखाली सावलीत बसवून पाणी देत, आणि तो कुठून आला, काय करत होता, कुणी विचारत नसे. त्याला ती गावं आवडायला लागली. संध्याकाळी घरी आला की मांडीला तेल लावून पडून राही. चेंडू त्याच्या बॅगेतच होता. त्यानं बॅग उघडली नव्हती.

हिवाळ्यात एका दुपारी तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून भाकर खात असताना केल्सोंचा फोन आला. जर्मनीत एका क्लबला किकर पाहिजे होता. लहान क्लब, पण राहायला खोली देतील, परवान्याचं तेच बघतील. केल्सोंनी शामच्या एका हंगामाची चित्रफीत त्यांना पाठवली होती आणि त्यांना तो हवा होता. चाचणी नाही, रांग नाही. फक्त हो म्हणायचं होतं.

"ऐकतोयस ना?" केल्सोंनी विचारलं.

"ऐकतोय, कोच."

"दोन दिवसांत सांग."

फोन ठेवल्यावर शाम बराच वेळ बसून राहिला. आनंद होईल म्हणून वाट बघत राहिला म्हटलं तरी चालेल. चार वर्षं ज्या गोष्टीसाठी तो बसच्या खुर्च्यांवर झोपला ती हात जोडून दारात आली होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर आली ती जाळी, तो पाय गरम ठेवणं, ते रेषेबाहेर उभं राहणं. पुन्हा नवीन गाव, नवीन भाषा, पुन्हा कुणाच्यातरी तोंडाकडे बघणं. त्याच्या लक्षात आलं की आपल्याला राग नाही, दुःखही फारसं नाही. आपण दमलोय, आणि हे दमणं झोपून जाणारं नाही.

त्या संध्याकाळी तो वडिलांजवळ अंगणात जाऊन बसला. पूनमसिंग बैलाची वेसण वळत होते. शामनं सगळं सांगितलं, जर्मनीचं, खोलीचं, आणि मग म्हणाला, "बा, मी जात नाई."

पूनमसिंगांचा हात थांबला. "पायानं?"

"पाय दुखते, पन पायासाठी नाई." शामनं शब्द शोधले. "मी तिकडं खेळलोच नाई, बा. तुमी सांगता तसं पायाले लागून नाई आलो. त्याईनं मले काढलं. लोकाईले खरं सांगत जा ना आता. मले तेच लय जड होऊन राह्यलं."

पूनमसिंगांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. मग हातातली दोरी खाली ठेवून म्हणाले, "मी गाडी चालवत होतो तवा उमरखेडच्या फेरीले एक दिवस मले वाटलं, आता हे स्टेरिंग हातात नाई धरनं. अंग चांगलं होतं. तरी नाई वाटत होतं. तरीबी चालवली, कायले त तुमी पोरं होते." ते थांबले. "तुयावर कोनाचं ओझं हाय? नको जाऊ."

"तुमाले वाईट वाटन."

"वाटन," पूनमसिंग म्हणाले. "थोडे दिवस."

आतून बसंतीबाईंनी जेवायला हाक मारली. दोघं उठले. जेवताना जर्मनीचा विषय निघाला नाही. जयानं दवाखान्यातली कसलीशी गोष्ट सांगितली, तिला सगळे हसले, शामही हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं केल्सोंना फोन करून नाही सांगितलं. केल्सोंनी का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, "तुझ्यासारखा पाय मी दुसरा पाहिला नाही. एवढं लक्षात ठेव." शामनं आभार मानले आणि कामावर निघाला. डेपोतून झरीकडे जाणारी बस त्याला पकडायची होती. पूनमसिंग त्याच्यासोबत स्टँडपर्यंत आले. कंट्रोलरच्या खिडकीतल्या माणसानं हात वर करून विचारलं, "काय आडेभाऊ, पोरगं परत चाललं का विदेशात?"

"नाई," पूनमसिंग म्हणाले. "त्याले तिकडच्या टीमनं ठेवलं नाई. आता इकडंच राहते. माती तपासते."

शाम बसमध्ये चढला, खिडकीजवळची जागा धरली आणि बस पुसदच्या बाहेर पडायच्या आधीच त्याला झोप लागली.